बाजरीतले काळे कण

आमच्याकडे भोपाळात वर्षभर गव्हाची पोळी. बाजरी घरात येते ती फक्त भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी सासूबाईंनी सोनागिरीच्या बाजारातून सुटी बाजरी आणली. निवडताना मला त्यात लांबट काळपट कण दिसले. "आई, हे काय?" "तीळ असतील गं, दुकानदाराच्या मापातून आलेले. भाकरीला तीळ लावायचेच आहेत, राहू दे." निम्मी बाजरी दळून आली.

मला सातवा महिना होता. नवरा कारखान्यात, त्याचं जेवण कँटीनला. सासूबाईंची कवळी दुरुस्तीला गेलेली, म्हणून त्यांना मऊ खिचडी. भाकरी खाणारी मी एकटीच. कडवट लागते म्हटलं, तर म्हणाल्या, "न खाई भोगी तो सदा रोगी! खा मुकाट्यानं." खाल्ली. काय करणार?

तासाभरात पोटात ढवळून आलं. उलट्या थांबेनात, डोकं गरगरायला लागलं. आणि जेवण झालं की हमखास लाथा मारणारं बाळ अगदी गप्प. पोटावर हात दाबून मी म्हणत राहिले, हल रे बाबा, एकदा हल. इतकी भ्याले होते की रडूसुद्धा फुटेना.

सासूबाईंनी रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हसले. "इस हालत में उल्टी तो होती ही है." सासूबाई पुनःपुन्हा सांगत होत्या, "डॉक्टरसाब, बाजरे की रोटी खाई है इसने." "अरे माताजी, बाजरा तो फायदे की चीज है!" झालं, गोळी देऊन घरी पाठवलं. असा संताप आला मला, पण भांडायचं त्राण कुठून आणू?

घरी येऊन गुंगीतच पडले. संध्याकाळी जाग आली ती कुणाच्या तरी ओकण्याच्या आवाजानं. मोरीपाशी सासूबाई बसल्या होत्या, घामानं भिजलेल्या. शेजारी दुधाची वाटी, तिच्यात भाकरीचे तुकडे. दात नव्हते म्हणून भिजवून खाल्ली होती.

"भाकरीच आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्याला फोन कर. आणि उरलेली बाजरी बरोबर घे."

नवरा धावत आला आणि आम्हाला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाजरी कागदावर पसरली आणि त्यांचा चेहराच बदलला. तीळ कसले! कणसात दाण्याच्या जागी वाढणारी बुरशी होती ती, अरगट. विषारी. मग एकच धावपळ. पोटावर यंत्र ठेवलं, तर आधी नुसतीच खरखर. बाईंनी ते जरा खाली सरकवलं आणि बाळाचे ठोके ऐकू आले. तेव्हा कुठे मी हंबरडा फोडला.

शेजारच्या खाटेवर सासूबाईंनाही सलाईन लावलं होतं. मी त्यांच्यावरच उखडले, "आई, वेड लागलं होतं का तुम्हाला? काही झालं असतं म्हणजे?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "तुला पोटुशी म्हणून परत पाठवलं. मला काय म्हणून पाठवणार होते?"