रुक्माआत्याची खोटी शपथ

तंजावरच्या स्टेशनवर रुक्माआत्या मला पोचवायला आली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि भुवईवर टाके होते. बाबांनी माझी ट्रंक बाकाखाली ढकलली. "बघितलंस ते विसर," ते म्हणाले. "पुण्यात सगळे आपलीच भाषा बोलतात." आत्यानं डाव्या हातानं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि गाडी हलेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. पोलीस आज ना उद्या मला विचारायला येणार होते. म्हणूनच मला पाठवत होते.

तंजावरातल्या आमच्या मराठी वीथीत, त्या गल्लीत, मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांना एवढंच माहीत आहे, की मला नोकरी लागली. उरलेलं आता लिहिते.

आत्या बाबांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा झाली आणि पापनाशमच्या पलीकडे एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागली. पहाटे अंघोळ, सोवळ्यात रामाची पूजा, मग गावची बस. पूजेआधी घरात तिला कुणी शिवायचं नाही. शाळेत मात्र कालव्यापलीकडच्या वस्तीतली पोरं दिवसभर तिच्या पदराला लटकलेली. आजीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "रामाला चालतं. तुला चालत नसेल तर माझं पान वेगळं वाढ."

त्या वस्तीतली सेल्वी वर्गात पहिली यायची. आत्यानं तिला वर्गाची पुढारी केलं आणि पाण्याच्या मडक्यावरचा डवला तिच्या हाती दिला. जमीनदारांची माणसं सांगायला आली, "टीचर, तिच्या हातचं आमची मुलं पिणार नाहीत."

"मग तहानलेली बसतील," आत्या म्हणाली.

माझी बी.एस्सी.ची परीक्षा संपली होती. त्यानंतरच्याच आठवड्यात मार्कांची वही लिहायला मी तिच्याबरोबर शाळेत गेले होते. दुपारी कालव्याच्या बांधावर आरडाओरड ऐकू आली. आत्या मुलींना जेवायला बसवत होती. खिडकीशी मी एकटी होते. सेल्वीचे वडील सायकलवरून येत होते. चौकड्यांच्या शर्टातल्या एका माणसानं मागून धावत येऊन अरुवा घातला, नारळ तोडायचा तो लांब कोयता. मनगटापासून हात तुटून चिखलात पडला. सायकल तशीच थोडी पुढे गेली. तो माणूस मी ओळखला. महिन्यापूर्वीच त्यानं आम्हाला शहाळी सोलून दिली होती.

मग तो आणि त्याच्यामागून आलेली जमीनदारांची आणखी पाच माणसं शाळेकडे वळली. आत्यानं मुलींना तांदळाच्या खोलीत कोंबलं, कुलूप घातलं, किल्ली विहिरीत टाकली आणि दाराला पाठ लावून बसली. मी कपाटामागे शिरले. त्यांनी तिला सायकलच्या चेननं मारलं. मोठ्यानं रामाचं नाव घेत ती बसून राहिली. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. नाव क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी पदर तोंडात कोंबला होता. पापनाशमची बस आली, कंडक्टर आणि उतारू धावत आले, तेव्हा ते पळाले.

पुण्यात नव्या कंपन्या उघडत होत्या. कॉम्प्युटर जोडायच्या गार हॉलमध्ये मी कामाला लागले. माझं मराठी ऐकून मुली हसायच्या, "कुठल्या नाटकातलं गं हे?" रविवारी एसटीडी बूथवरून फोन केला, की बाबा म्हणायचे, "सगळं ठीक." आत्याची पत्रं यायची, आमचं मराठी तमिळ अक्षरांत लिहिलेलं, डाव्या हातानं. तिनं मला कधी ये म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी लिहिलं, "कोर्टात विचारलं, तिथं आणखी कोण होतं. कोणी नाही म्हटलं. रामाची शपथ घेऊन म्हटलं. माझी एकटीची साक्ष धरली नाही. सगळे सुटले."

मी गाडी धरली. घरी आले तर देवघर बंद. आई म्हणाली, निकालापासून ती पूजा करत नाही. शाळा मात्र एक दिवस चुकवत नाही.

"आता मी सांगते," मी आत्याला म्हटलं.

"आता कोर्टाला ऐकायचं नाही." ती वह्या तपासत होती, वर बघितलं नाही. "ज्याला ऐकायचं असेल त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बसनं गेले. सेल्वीचे वडील बांधावर एका हातानं गवत कापत होते. मूठ पायाखाली दाबून धरायची आणि विळा ओढायचा. मी त्यांना सांगितलं, मी खिडकीत होते. चौकड्यांचा शर्ट होता. त्याचं नाव घेतलं. मी कपाटामागे लपले आणि मग पळून गेले, तेही सांगितलं.

त्यांनी विळा खाली ठेवला.

"तो होता हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "कुणी बघितलं होतं हे माहीत नव्हतं."

मग विळा उचलून त्यांनी पुढची मूठ पायाखाली घेतली. मी उभीच राहिले. आत्या शाळेकडे निघाली, कारण घंटा व्हायची होती.

पुण्यात माझं घर आहे, नवरा आहे, मुलीला तंजावरचं बोलणं समजतं पण ती ते बोलत नाही. आत्या गेली. देवघर तिनं पुन्हा कधी उघडलं नाही. मूळ गाव कुठलं, असं कुणी विचारलं की मी तंजावर सांगते. आमची वीथी तेव्हा मला आठवत नाही. आठवतो तो बांध, जिथं मी तीन वर्षं उशिरा पोचले.