कुणाचं अंडं चालतं

शेठनं माझ्या डब्यात वाकून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. डब्यात बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि दोन उकडलेली अंडी होती.

"मॅडम, गहू नाय पचत, दूध नाय पचत, डाळ नाय पचत. अंडं बरं पचतं तुम्हाला!"

ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावरचे सगळे हसले. बिलिंगचे काका म्हणाले, "शेठ, ते रक्तातच असतं."

दर रविवारी मटणाचे फोटो ग्रुपवर टाकणारी वैशालीही हसली.

"आपल्या टेबलावर हे नको. पार्किंगमध्ये खात जा," शेठ म्हणाले.

मी डबा उचलला. खाली गेले. जनरेटरशेजारी, स्कूटरच्या सीटवर डबा ठेवून उभ्यानं जेवले. त्या दिवशी. मग रोजच.

लासलगावचा कांदा बाहेर पाठवणाऱ्या या शेठच्या इंदिरानगरच्या ऑफिसात मी हिशेब बघते. साठवलेल्या कांद्याची घट काढायचं काम माझं. पोटाच्या आजारात मी माझीही घट तशीच मांडत होते. एकसष्ट किलो. अठ्ठावन्न. चोपन्न. डॉक्टरांनी एकेक पदार्थ बंद करून पाहिला. गहू गेला, दूध गेलं, डाळी गेल्या, शेंगदाणे गेले. म्हणाले, "अंडी, मासे खा. नाहीतर ताकद कुठून येणार?" मासे मी ऑफिसात कधी नेलेच नाहीत. कुणाला वासाचा त्रास नको, हे माझं मीच ठरवलेलं. अंडीसुद्धा घरूनच सोलून, घट्ट झाकणाच्या डब्यात.

आम्ही बौद्ध. ऑफिसात ते कुणी विचारत नाही. विसरतही नाही.

पुढे शेठची मुलगी ऑफिसात येऊ लागली. तिलाही गहू चालत नाही, दूध चालत नाही. तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी करणाऱ्या बाई लावल्या. बदामाचं दूध आलं. फ्रिजचा एक कप्पा तिचा झाला. काका म्हणायचे, "ताईंचं पोट नाजूक आहे हो."

तेच दुखणं. तिचं नाजूक. माझं रक्तातलं.

स्वतःच्या वाढदिवसाला तिनं घरून केक करून आणला. पहिला तुकडा माझ्याच हातात दिला. म्हणाली, "हा तुम्हालाही चालेल."

मी विचारलं, "ताई, गव्हाशिवाय फुगला कसा?"

"बदामाचं पीठ. आणि पाच अंडी घातलीत," ती सहज म्हणाली.

कुणी प्लेट खाली ठेवली नाही. शेठ चावत राहिले. काका बोट चाटत म्हणाले, "केकमधलं चालतं."

इतके महिने मी त्यांच्या वतीनं कारणं शोधत होते. वास येत असेल. सवय नसेल. कारण अंडं नव्हतंच. कारण मी होते.

त्याच दुपारी मी टेबलाशी बसले. डबा उघडला.

"मॅडम, नियम माहितीये ना?" शेठ म्हणाले.

"माहितीये. सगळ्यांना एकच असेल, तर पाळते."

शेठ ताट उचलून केबिनमध्ये गेले. काका त्यांच्या मागे. वैशालीनं मान खाली घातली. मुलगी गोंधळून विचारू लागली, "काय झालं?" मग मीच सांगितलं. पार्किंग, स्कूटर, रक्त. शब्द न् शब्द. शेठला केबिनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात.

कामावरून काढतील कदाचित. काढू देत. पण जोवर त्यांचा हिशेब माझ्या हातून होतो, तोवर मी त्याच टेबलावर जेवणार. बसून. माझ्या पोटाला मानवेल ते. ज्याला उठायचं त्यानं उठावं. मी उठणार नाही.