सहीच्या जागी काय लिहायचं

हे गेल्यानंतर मी ऑफिसला पुन्हा जाऊ लागले, त्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी मला जिन्यात थांबवलं.

"अक्का, तुमच्या यजमानांचं पुस्तक माझ्याशी बोलत नाही."

अण्णांची दृष्टी गेली आहे. फोन त्यांना वाचून दाखवतो. पुस्तक म्हणजे पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्याविषयी ह्यांनी लिहिलेली माहितीपुस्तिका. राजाजीनगरातल्या आमच्या इमारतीचा खड्डा तुंबला होता आणि पावसाआधी तो साफ करून घेणं अण्णांकडे होतं. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. "चित्र. चित्र. चित्र."

हे आणि मी एकाच ऑफिसात होतो. वेबसाइटवर कागद चढवणं माझं काम. आमच्याकडे टाइप केलेली फाइल छापतात, पानापानावर सही-शिक्का घेतात आणि मग स्कॅन करून लोकांसमोर ठेवतात. फोनच्या लेखी ती नुसती पानांची छायाचित्रं. मूळ फाइलच ठेवू का, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "सहीशिवाय लोक खरं कसं मानतील, मॅडम?" तेही मला पटलं.

ह्यांच्या लॅपटॉपवर मूळ फाइल होती. पण ती कशात द्यावी, कळेना. वर्डमध्ये पाठवली तर अण्णांच्या फोनवर तक्ते विस्कटले. थेट पीडीएफ केली तर शेजारशेजारच्या दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत घुसल्या; वाळूच्या वाक्याला पंपाचं शेपूट आलं. शेवटी साधं वेबपान केलं. मथळा, परिच्छेद, मथळा. ते नीट वाचलं गेलं.

मग आकृती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, चित्राच्या जागी फोन वाचेल असं तिचं शब्दांत वर्णन हवं. 'तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू,' असं मी लिहिलं. हे घरी खड्ड्याबद्दल बोलायचे तेव्हा मी पुस्तकातून मान वर करून हं म्हणायचे. आता त्यांच्या रेषा मी शब्दांत सांगत होते, आणि बरोबर सांगतेय का, हे विचारायला कोणी नव्हतं.

साहेबांचा मान राखून पानाच्या शेवटी ह्यांची एक सही ठेवली. तिच्या जागी काय लिहायचं? चित्र नुसतं शोभेचं असेल तर तशी खूण करतात, मग फोन ते गाळून पुढे जातो. सही शोभेची आहे का? मला ठरवता येईना. ना खूण केली, ना वर्णन लिहिलं; जागा तशीच सोडली.

अण्णा त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत होते. "सरी, बरं झालं, आता बोलतायत. जिन्यात भेटले तर 'पाणी आलं का' एवढंच विचारायचे!" मी हसले. खडी आली, वाळू आली. वरचा गाळ साचलेला थर काढून धुवायचा, हे त्यांनी परत ऐकलं आणि माणूस उद्याच बोलावतो म्हणाले.

शेवटी फोन म्हणाला, "चित्र."

"हे कसलं, अक्का?"

"त्यांची सही."

"मग तसं लिवा की. मला वाटलं, काहीतरी राहिलं ऐकायचं."

वर जाऊन मी लिहिलं, 'लेखकाची सही'. हे पुरेसं आहे का, अजून कळत नाही.