आक्काच्या केसचा निकाल

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिच्यापासून मी तसं काही लपवत नाही — साहेबाच्या शिव्या, पोटदुखी, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं घरी येऊन ओकतो. पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगायला बसूनही मी आधी इकडचं तिकडचं बोलून घेतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर — आक्का. माझी थोरली बहीण, तिसगावजवळच्या एका वाडीवर दिलेली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचं पिशवी काढायचं ऑपरेशन झालं, एका खाजगी दवाखान्यात. डॉक्टरचं नाव लिहीत नाही. त्याच्या चुकीबद्दल बोलायला मी इथं बसलेलो नाही. ऑपरेशनच्या वेळी तिच्या पोटात कापडाची पट्टी राहिली. दोन महिने ताप उतरेना, जखम वाहायची थांबेना. डॉक्टर म्हणायचा, अंगात रक्त कमी आहे. शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या सर्जननं पोट पुन्हा उघडून पट्टी काढली आणि सडलेलं आतडंही काढलं. आक्का वाचली. पण बाजरीची भाकरी तिला परत कधी पचली नाही, आणि खुरपायला वाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. चाळिशीही न गाठलेली बाई दिवसभर ओट्यावर बसून शेंगा फोडायची.

दाजींना कुणीतरी पेपर वाचून दाखवला, की आता डॉक्टरवरही ग्राहक मंचात दावा लावता येतो. दाजी तडक नगरला आले, सावेडीत माझ्या खोलीवर. कागदांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "बापू, तू नगरात ऱ्हातो, तुझी वळख हाय. चांगला वकील बघ. आमाला त्यातलं काय कळतंय?"

ओळख! मी एका सरकारी कचेरीत टपाल सांभाळणारा कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा, एवढीच माझी सत्ता. पण वाडीवर मी 'साहेब' होतो, आणि ते मला आवडायचं. फार आवडायचं — आता खोटं कशाला बोलू? "बघतो की," म्हणालो, जशी सगळी कोर्टं माझ्याच खिशात.

पहिला वकील त्या डॉक्टरचा साडू निघाला. दुसरा बांधाचे आणि वाटपाचे दावे घ्यायचा, डॉक्टरचं नाव ऐकून म्हणाला, "उद्या माझ्याच छातीत कळ आली तर मी कुणाकडं जाऊ?" इथवर माझी चूक नाही. म्हणून तर हे सांगताना जीभ भराभर चालतेय.

तिसरा वकील भला माणूस होता. म्हातारा, जिन्याखालच्या खोलीत बसणारा. त्यानं सगळे कागद वाचले आणि म्हणाला, केस उभी राहते. फक्त पुण्याच्या सर्जनकडून दोन ओळी लिहून आणा, की पोटात पट्टी सापडली. त्यांच्या कार्डावर नुसतं 'जंतुसंसर्ग' असं मोघम लिहिलंय. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहसा लिहीत नाहीत, पण समोर बसून विनवलंत तर हा लिहील. मुदत दोन वर्षांची आहे, त्यातलं एक सरत आलंय. फीचं नंतर बघू.

मी पुण्याला गेलो. खरंच गेलो. सकाळपासून दुपारपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसलो. सर्जन दोनदा माझ्यासमोरून गेला, एकदा तर माझ्याकडे बघून थांबलाही. शेवटी खिडकीतल्या बाईनं विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, "काही नाही. पेशंटला भेटायला आलोय." आणि उठून नगरची एसटी धरली. कशाला भ्यालो? तो मला खाणार होता का? फार तर नाही म्हणाला असता. मोठ्या माणसाकडे त्याच्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध कागद मागायचा — नाही झालं माझ्याच्यानं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणायलाही ते फार किरकोळ आहे.

वकिलाकडे परत गेलोच नाही. आणि दाजींना काय सांगणार? की तुमचा साहेब बाकावर बसून परत आला? दिवाळीला वाडीवर गेलो तेव्हा म्हणालो, "केस दाखल झाली. तारीख पडलीय."

किती सहज खपलं ते! आपल्याकडे कोर्टाकडून तारखेखेरीज कुणाची काही अपेक्षाच नसते. बांधाच्या केसेस बापाकडून लेकाकडे येतात. मी म्हणायचो, जज्जसाहेब रजेवर आहेत. मी म्हणायचो, समोरच्या वकिलानं मुदत मागितली. ओट्यावरची चार माणसं माना डोलवायची — कोर्टाचं आसंच आसतंय. दाव्याची मुदत केव्हाच संपली होती. तारखा मात्र पडत होत्या.

आक्का तेवढी तयारी करत होती. जज्जासमोर काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. मला समोर बसवून, हात जोडून म्हणून दाखवायची — कुठल्या वारी टेबलावर घेतलं, ताप कधी भरला, डॉक्टर काय बोलला. एखादा वार चुकला की पहिल्यापासून. "मला कवा बोलावत्याल रं?" "पुढच्या तारखेला," मी म्हणायचो. वर सुधारणाही सांगायचो. हळू बोल, एकेक सांग. मी! सुधारणा!

असं चार वर्षं चाललं. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं, नाही का?

पण मला कंटाळा आला. हो, पश्चात्ताप नाही — कंटाळा. दर सणाला नवं निमित्त शोधायचा. म्हणून एका संक्रांतीला वाडीवर जाऊन सांगून टाकलं, निकाल लागला, आपण हरलो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, एवढं पुटपुटून दाजी जनावरांकडे निघून गेले. मला वाटलं, सुटलो.

आक्का तिथंच बसून राहिली. तिला न बोलावताच निकाल कसा लागला? जज्ज काय म्हणाला? नेमकं काय म्हणाला?

मी काहीही सांगू शकलो असतो. कागद कमी पडला म्हणालो असतो, वकील फितूर झाला म्हणालो असतो. पण कचेरीतल्या भाषेत तोंडाला आलं ते बोलून गेलो: "डॉक्टरची चूक शाबीत झाली नाही. बाईनंच ऑपरेशननंतर काळजी घेतली नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं."

ती म्हणाली, "बराबर हाय त्यांचं. दहाव्या दिशी म्या पान्याचा हंडा उचलला व्हता. कुनालाच सांगितलं न्हाई. त्यांना कसं कळलं आसंल?"

पट्टी निघाली होती तिच्या पोटातून! सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण कोर्ट म्हणतंय म्हटल्यावर तिला हंडा खरा वाटला आणि पट्टी खोटी. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं मला. मी चहा मागितला.

आक्का पुढे नऊ वर्षं जगली. कुणी बाई ऑपरेशन करून आली की भिंत धरत धरत तिच्या घरी जायची आणि सांगायची, वझं उचलू नको गं, माझं माझ्याच चुकीनं झालं. आणि एकदा, कुणाला न सांगता, त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. त्याच्या पाया पडली. तुमाला उगं कोर्टात वढलं, म्हणून माफी मागितली. मला हे तिनंच सांगितलं, मोठ्या समाधानानं. "काय बोलला न्हाई त्यो. नुसता बगत ऱ्हायला माझ्याकडं. लई मोठं मन."

हे ऐकून मला आधी काय वाटलं, सांगू? 'कसली केस?' असं तो बोलला नाही, हे बरं झालं, असं वाटलं.

ती गेली तेव्हा मी खांदा दिला. दाजी अजून आहेत. त्यांनाही मी काही सांगितलेलं नाही.