दाजींची गाडी आणि माझ्या मोरीची भिंत

माणसाला संताप आणण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावर चारदा सांगितलंय, आणि चारही वेळा त्यांनी "बरं, ती कानस दे हिकडं" एवढंच उत्तर दिलंय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडिलांच्या जागेत पुढचं घर माझं, मागचं अक्काचं, आणि अक्काच्या परड्यातून रस्त्यावर यायला माझ्या भिंतीला लागून एक बोळ. त्यामुळे गेली तीस वर्षं हा माणूस माझ्या कानाशी ठोकाठोक करत राहतोय. लोकांना उतारवयात रक्तदाबाची गोळी मिठामुळे लागते म्हणतात. माझी दाजींमुळे सुरू झाली, आणि हे मी डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर हसले. त्यांच्या शेजारी दाजी राहत नाहीत.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत दाजी चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. जी वस्तू ओतायची ती आधी लाकडात हुबेहूब घडवायची, तो नमुना वाळूत दाबून अलगद वर काढायचा (म्हणून त्याच्या बाजूंना जरासा उतार ठेवावा लागतो), आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, असा तो धंदा. यातला लाकडी नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. काम कसबाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण चाळीस वर्षं ते केलं की माणसाला जगातली कुठलीच वस्तू सरळ दिसत नाही. चंदगडकडे आमच्या एका नातलगाच्या दिवसांना गेलो होतो. घरात रडारड चाललेली, आणि दाजींनी काय करावं? कोपऱ्यातली विझलेली समई उचलली, उलटीपालटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्येच्या बगलंला उतारच न्हाई. वाळूतनं निघाली कशी ही?" ज्याचा बाप गेला होता तो मुलगा डोळे पुसून समईकडे बघायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परतीच्या एस्टीत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. मी बोलत नाही हे त्यांना कोल्हापूर येईपर्यंत कळलंही नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या फौंड्रीत कॉम्प्युटरवर नमुने कापणारं मशीन आलं. धाकट्या मालकांनी दाजींना शाल-श्रीफळ दिलं आणि चांगल्या मनानंच म्हणाले, "काका, आता आराम करा. हाताचं काम आता राहिलंय कुठं?" दाजींनी घरी येऊन ती शाल अक्काच्या शिलाई मशीनवर फेकली. मी सांत्वनाला गेलो तर माझ्याच अंगावर आले. "हाताचं काम न्हाई म्हनतोय! खंडेनवमीला त्येच्या गेटात हाताचं काम आनून हुबं करतो. बघच तू." खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे कारखान्यातल्या एकूण एक मशीनला झेंडूची माळ चढते, हत्यारांची पूजा होते. दाजींच्या पॅटर्न शॉपमध्ये सगळे जुने लाल रंगाचे नमुने ओळीनं मांडायचे, आणि त्यांच्यासमोरचा नारळ चाळीस वर्षं दाजींनी फोडला होता. त्या मानापायी त्यांनी हे खूळ डोक्यात घेतलं. मी समजलो, एखादं लाकडी देऊळ-बिऊळ करतील. महिन्याभरात पेठ वडगावहून एका टेंपोतून मोटारीचा गंजका सांगाडा आला. त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती.

त्याचं असं झालं होतं की दाजींनी मोबाइलवर अमेरिकेतले म्हातारे बघितले होते. ते म्हातारे जुन्या मोटारींची छपरं कापून बुटकी करतात, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवतात, मागे ढोलासारखी रुंद चाकं लावतात आणि त्याला हॉट रॉड म्हणतात. आपल्याकडे असली गाडी दिसली तर माणसं बिचाऱ्याला धक्का मारू का विचारतील. शिवाय असली उलटीपालटी केलेली गाडी आरटीओत जन्मात पास होत नाही, हे मी दाजींना पहिल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मला काय ती घिऊन मुंबैला जायाचंय? फौंड्रीच्या गेटापत्तूर दोन गल्ल्या. बास." दोन गल्ल्यांसाठी तीन वर्षं! माझं रक्त तिथंच तापलं.

विकतचा पार्ट लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नेम. दाराच्या मुठी, पायातले पेडल, दिव्यांच्या कडा, स्टेअरिंगचं चाक, सगळ्याचे लाकडी नमुने स्वतः करायचे आणि परड्यातच अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतायचे. मी एकदा चांगुलपणानं एक तयार मूठ आणून दिली, तर ती त्यांनी शेजारच्या म्हशीच्या गोठ्याच्या दाराला लावून टाकली. "इंजिन तर विकतचंच आहे की," मी भांडायला म्हणून म्हणालो. "इंजिन म्हंजे जावई," दाजी म्हणाले. "त्ये भायरनंच येतंय." ओतायला भांड्यांचं अ‍ॅल्युमिनियम त्यांना चालत नसे, ते मऊ. त्यांना जुन्या इंजिनांचे दट्टे, म्हणजे पिस्टन, लागत. ते काळ्या तेलात बरबटलेले दट्टे त्यांनी धुण्याच्या सोड्यात उकळायला ठेवले ते नेमके माझ्या आंघोळीच्या पाण्याच्या बंबाशेजारी. मी वारणानगरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. मला पांढरा शर्ट लागतो. त्या आठवड्यात माझे दोन शर्ट करडे झाले आणि दाजी म्हणाले, रंग चांगला आहे, मळखाऊ आहे.

आणि अक्का! तिच्यावरचा माझा राग वेगळा सांगायला हवा. एका रविवारी मी मागे गेलो तर साठीची माझी बहीण पदर खोचून, हातात पोत्याचे तुकडे गुंडाळून, लालबुंद मुशीच्या दांडीचं एक टोक धरून उभी. दुसरं टोक दाजींच्या हातात. मधल्या मुशीत वितळलेला धातू. मी ओरडलो, "अक्का, खुळी झालीस का? पाय भाजला म्हंजे?" ती मुशीवरची नजर न हलवता म्हणाली, "वरडू नगंस. हात हालतोय." ओतून झाल्यावर दोघं त्या वाळूच्या पेटीकडे असे बघत बसले की मला त्या घरात मीच परका वाटलो. ती वाळू तीन वर्षं सगळीकडे होती. अक्काकडे तांबड्या रश्शाला बोलावलं की दाताखाली कचकच व्हायची. वेल्डिंग सुरू झालं की माझ्या घरचा मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबायचा. मी खिडकीतून ओरडायचो, "दाजी, गप्प बसा!" त्यावर तिकडून ग्राइंडर सुरू व्हायचा.

बोळाचा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वीच काढला होता. सांगाडा अरुंद म्हणून आत आला. रुंद चाकांची, फुगीर मडगार्डांची गाडी बाहेर निघणार कशी? बोळात माझ्या मोरीची भिंत पुढे येते, तिथं सगळ्यांत चिंचोळी जागा. ती मोरी मी नुकती फरशी घालून, गिलावा करून, फिकट हिरवा रंग देऊन घेतली होती. मी स्वतः स्टीलचा टेप लावून मापलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं मोठ्या आकड्यात लिहिलं: सव्वापाच फूट. दाजींनी ते वाचलं आणि दोन्हीकडून पाव पाव इंच सोडून गाडीची रुंदी धरली. "पाव इंच?" मी म्हणालो. "चार-चार बोटं तरी सोडा की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना हलक्या जातीचं लाकूड वापरायला सांगितलं. "पाव इंच लई झालं," म्हणाले. वर मडगार्डं अंगाशी वेल्ड करून, घासून एकजीव केली. गाडीवर कुठं एक नट दिसता कामा नये, हा दुसरा नेम.

खंडेनवमी उजाडली. गाडी गडद लाल रंगात उभी होती, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होती. मी ते बोललो नाही. फौंड्रीतली पूजा अकराला. साडेनऊला दाजी नवा शर्ट घालून, शेजारच्या सीटवर नारळ ठेवून स्टेअरिंगवर बसले. गाडी गुरगुरत बोळात शिरली, मोरीपाशी आली, आणि दोन्ही बाजूंनी एकदमच कर्र असा आवाज झाला. गाडी अडकली. मी धावलो. टेप लावला. बोळ सव्वापाच फूटच होता. गाडी त्याहून पाव इंचभर जास्त. "अशी कशी?" दाजी तीन वेळा म्हणाले. दारं उघडेनात, म्हणून खिडकीतून बाहेर आले आणि मलाच दरडावलं, "तुझा टेप खोटा हाय!"

मी तोंड उघडणार इतक्यात अक्का मागून म्हणाली, "अवो, तुम्ही कंची पट्टी घेतलीसा?"

दाजींनी खिशातली पितळी पट्टी काढली आणि पट्टीवरच्या रेघांकडे बघत राहिले. मला अक्कानं समजावून सांगितलं. धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी नमुना नेहमी जरासा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवर इंचच थोडा मोठा आखलेला असतो. ओतीव पार्टांना ती बरोबर. पण पत्रा काही ओतलेला नव्हता, तो आकसणार नव्हता. चाळीस वर्षांच्या सवयीनं दाजींनी सगळी गाडीच त्या मोठ्या इंचानं मापली होती. गाडी स्वतःशी तंतोतंत जुळत होती, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी घरात जाऊन छन्नी-हातोडा घेऊन आलो. दाजींनी माझा हात धरला. "भितीला हात लावू नगो. भित बरूबर हाय. चुकलं माझं." तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकायची केवढी हौस होती मला! आणि ऐकलं तर असा भडका उडाला की मी त्यांचा हात झटकला. "आता सुचलं व्हय चुकलं म्हनायला? अकराला पूजा हाय आन् आता चुकलं? सरा बाजूला!" आणि मी माझ्या हिरव्या भिंतीचा गिलावा ठोकायला लागलो. प्रत्येक घावाला एक शिवी. त्यातल्या निम्म्या दाजींना होत्या, निम्म्या त्या कॉम्प्युटरच्या मशीनला. एका जागी छन्नी खोल गेली, नळाचा पाइप फुटला आणि आम्ही तिघं नि गाडी चिंब भिजलो. पाऊण तासानं विटा उघड्या पडल्या आणि गाडी सुटली. मी तसाच, चुन्यानं माखलेला, खिडकीतून आत उडी टाकून दाजींच्या शेजारी बसलो. नारळ मांडीवर घेतला.

गेटावर नवीन वॉचमन होता, चंदगडकडचा, पन्नाशीचा. तो अदबीनं पुढे आला. "पावणं, कुनाकडं जायाचं?"

दाजींना कुणी त्या गेटावर पावणं म्हणेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांच्याही नसावं. "पॅटर्न शॉपात," ते म्हणाले. "पूजेला."

"त्ये तर गेल्या आठवड्यात मोकळं केलं की. ती लाल लाकडं बेकरीवाला घिऊन गेला, भट्टीला. मालक सकाळीच पूजा करून पुन्याला गेल्यात."

मी उतरलो आणि त्या वॉचमनला फाडून खाल्लं. हे कोण आहेत माहीत आहे का, या गेटातून बाहेर पडलेल्या निम्म्या मालाला यांचा हात लागलाय, आणि तू यांना पावणं म्हणतोस? तो बिचारा हात जोडून उभा राहिला. दाजी शांतपणे खाली उतरले. "त्येला कशाला बोलतोस? त्यो नवा हाय." त्यांनी नारळ त्याच्या हातात दिला, घरी न्या म्हणाले. मग गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"चालव तू," म्हणाले. "मला म्होरलं नीट दिसंना झालंय."

तीन वर्षांत त्यांनी मला त्या गाडीच्या दाराला बोट लावू दिलं नव्हतं. मी स्टेअरिंगवर बसलो आणि बोलत सुटलो. ब्रेक किती लांब, स्टेअरिंग किती जड, सीटवर माणूस बसायचा की पोतं, हे असलं काहीतरी करायला कुणी सांगितलं होतं. ते एका शब्दानं उलट बोलले नाहीत. आमच्या गल्लीचं तोंड आलं आणि मला वळवेना. आयुष्यात विनातिकीट न फिरलेला मी, ती बिनकागदाची गाडी सरळ गावातून रंकाळा तलावाकडे घेऊन गेलो. वाटेत माणसं थांबून बघत होती, फोटो काढत होती, प्रत्येक सिग्नलला कुणीतरी विचारत होतं, कुठनं आणली, कुणी केली. आणि मी भांडण काढल्यासारखा ओरडत होतो, "ह्यांनी केलीया! ह्ये बसल्यात की! हातानं केलीया, सगळी हातानं!"

दाजी तोंड फिरवून पाण्याकडे बघत होते. तीस वर्षं मी या माणसाला गप्प बसा म्हणत आलो. त्या दिवशी ते बसले, आणि मला ते अजिबात सोसलं नाही.