धसईच्या बाजारातली मुलाखत

चूक माझीच होती. पन्नाशीत समाजसंशोधनाच्या एम.ए.ला बसलो आणि धसईच्या बाजारात कारली विकणाऱ्या एका बाईंना मुलाखतीसाठी धरलं. त्यांच्या ढिगासमोर उकिडवा बसून मी नियमाप्रमाणे आधी सांगितलं, "तुम्हाला वाटेल तेव्हा मुलाखत थांबवता येईल."

"मंग थांबवा," त्या म्हणाल्या.

तरी "एकच प्रश्न" म्हणत मी विचारतच राहिलो. त्या कारल्यांवर ओल्या फडक्यानं पाणी शिंपडत होत्या, आणि मधूनच माझ्यावरही. गिऱ्हाइकं लांबूनच वळत होती. आपण किती मन लावून ऐकतोय, याचंच मला कौतुक.

शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, तुमी कागद-पेन घेऊन बसलात. लोकांना वाटतं व्यापारी आला, सगळा माल उचलला. आता ही कारली घरी न्यायची, नि आमच्या घरात कारलं कोण खात नाय."

मी हात जोडून माफी मागितली.

"माझी कशाला मागता? मला ठावं हाय तुमी व्यापारी नाय. त्यांना सांगा."

मी उठलो, बाजाराकडे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मंडळी, मी व्यापारी नाही, विद्यार्थी आहे. या बाईंची कारली अजून विकायची आहेत. माझं चुकलं."