कड्यावरचा दिवा
दिवाळीत करंज्यांसाठी सुकं खोबरं भाजायला घेतलं की त्या वासासरशी मला खंडाळ्याचा कडा आठवतो. माझा मामा घाट उतरून कोकणात गेला आणि गलबतावर खलाशी झाला. मलबारापलीकडच्या बेटांवरून ते लोक खोबरं आणायचे. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली की मामा आमच्याकडे यायचा आणि सांगायचा, एका बेटाची वाळू कांडलेल्या तांदळासारखी पांढरी, दुसऱ्यावर माणूस नाही, नुसते पक्षी. भाऊबीजेला तो समुद्रावर असे, म्हणून आई कड्यावर जाऊन मावळत्या चंद्राला ओवाळायची. "आक्का, तुजा दिवा गलबतावनं दिसतो मला," मामा म्हणायचा, आणि कधीच समुद्र न पाहिलेल्या आईला ते खरं वाटायचं. एका पावसाळ्यात मामा आलाच नाही. भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट घेऊन निघणार, तोच त्याच्या जोडीचा एक खलाशी दारात उभा राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर, वादळात, रात्रीचं, गलबत खडकावर फुटलं होतं. मामा गेला होता. आईने एवढंच विचारलं, "भाऊ, तितनं आमचा दिवा दिसतो का?" त्याने ताटाकडे पाहिलं आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "दिसतो की, ताई." आईने ताट खाली ठेवलं. "मंग त्या राती मी का न्हाई लावला?" त्यानंतर मरेपर्यंत तिने रोज संध्याकाळी कड्यावर दिवा लावला. ती गेल्यावर मी पहिल्यांदा मुंबईच्या धक्क्यावर उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं. दिवा राहू दे, अख्खा घाटच दिसत नव्हता. आणि हे जिला सांगायचं, ती उरली नव्हती.